मालकाशी नाते

तपासनीस बाईने टेपचं टोक भिंतीला टेकवलं, तसे मामांनी पलंगावर बसल्या बसल्या दोन्ही पाय वर घेतले.

"असू द्या, उठू नका," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून तिने टेप पलंगाखालून पलीकडच्या भिंतीकडे सोडली. टेप मध्येच अडली. मामांनी वाकून खालची लाकडी पेटी बाजूला ओढली. पेटीत चिमटे होते, सुईएवढे पेचकस होते, डोळ्याला लावायचं भिंग होतं. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी मामा पेटी हाताच्या अंतरावरच ठेवत.

मावशी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आत दोन माणसं असली की तिसऱ्याला त्या खोलीत शिरायला जागाच उरत नसे. खिडकी मात्र चांगली होती. समोरच्या छापखान्याची उतरती छपरं आणि त्यांच्या वरचा आभाळाचा बराच मोठा तुकडा तिच्यातून दिसे.

"दोन तीस," तपासनीस बाई पुटपुटली. मग दुसऱ्या बाजूने मोजलं. "दोन चाळीस." वहीत आकडा लिहून ती थांबली, आणि खिडकीपाशी जाऊन तिने पुन्हा एकदा टेप लावली. भिंत तिथे जराशी बाहेर गेलेली होती. चार बोटं जास्त निघाली. त्या चार बोटांनी काही भागणार नव्हतं, हे तिचा चेहराच सांगत होता.

ती पालिकेकडून आली होती. नियम नवा होता. ज्या घरात तीनपेक्षा जास्त परकी माणसं एकाच चुलीवर रांधतात आणि एकाच न्हाणीघरात अंघोळ करतात, त्या घराच्या मालकाला यापुढे परवाना काढावा लागणार होता. मावशींच्या घरात त्यांना सोडून चौघं होती: मामा, एक नर्स, एक ड्रायव्हर आणि बेकरीत काम करणारी एक मुलगी.

खालून नर्सचा आवाज आला. "मावशी, दूध उतू चाललं होतं, बंद केलंय! मी निघाले!"

लगोलग ड्रायव्हरचा. "मामा, चष्मा न्हाणीघरात राहिलाय तुमचा! की आज डोळे मिटूनच पेपर वाचणार?"

तपासनीस बाईने वर बघितलं. "मावशी, मामा... म्हणजे हे सगळे तुमचे नातेवाईक का?"

"का हो?"

"तसं असेल तर मग हा कायदाच लागू होत नाही." ती उठून उभी राहिली आणि गुडघे झटकू लागली. "एका कुटुंबाचं घर म्हणजे घर. दारं बदला, धुराचे गजर लावा, खोलीला साडेसहा चौरस मीटर जागा हवी, यातलं काही काही नाही. फॉर्मवर हा एक रकाना आहे बघा. 'मालकाशी नाते.' तुम्ही सांगाल ते मी लिहिते. पुरावा मागायचा मला अधिकार नाही."

तिने पेन उघडलं. ड्रायव्हर चष्मा घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत आला होता, तो तिथेच कठड्याला धरून थांबला.

"हे तुमचे कोण?"

मामांनी पाय अजून खाली सोडले नव्हते. ते मावशींकडे बघत होते. चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं, कोणी आपल्याला जेवायला थांबवून घेईल असं वाटतं तेव्हा असतं तसं.

मावशींनी हातातल्या फडक्याची घडी केली. मग घडीची घडी केली.

"भाडेकरू," त्या म्हणाल्या.

•

"एक 'हो' म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती का?" संध्याकाळी नर्स म्हणाली. ती बटाटे सोलत होती आणि आज सालं जरा जाडच निघत होती.

"खोटं कशाला बोलायचं," मावशी म्हणाल्या.

"खोटं! परवा घरपट्टीवाल्याला तुम्ही घरात नाही म्हणून मी सांगून आले, ते काय होतं?"

"माझी सख्खी आत्या रस्त्यात ओळख देत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "म्हटलं, कागदोपत्री का होईना, एक मावशी पदरात पडेल. तर तेही नशिबात नाही."

एरवी या बोलण्यावर मामा हसले असते. पण मामांची खुर्ची रिकामी होती. पोटात जड वाटतंय असं सांगून ते वरच थांबले होते. मावशींनी त्यांची ताटली झाकून ठेवली. बऱ्याच वेळाने त्या स्वयंपाकघरात पुन्हा आल्या तेव्हा ताटली तशीच होती. आपण तो शब्द मऊ करून तरी सांगायला हवा होता असं त्यांना वाटलं. पण तो शब्द मऊ कसा करतात, ते त्यांना सुचलं नाही.

आठ दिवसांनी पालिकेचं पत्र आलं. ते तीन पानी होतं. प्रत्येक खोलीला आग अडवणारं, आपोआप मिटणारं जड दार. प्रत्येक मजल्यावर धुराचा गजर. स्वयंपाकघरात आग विझवायचं ब्लँकेट. जिन्याचा कठडा आणखी चार इंच उंच. आणि शेवटून दुसरं कलम असं: दुसऱ्या मजल्यावरील मागील खोली झोपण्यासाठी भाड्याने देता येणार नाही. पूर्ततेची मुदत सहा आठवडे.

पत्रासोबत अर्ज होता. मावशी तो घेऊन खिडकीपाशी बसल्या. घर किती वर्षांपासून भाड्याने दिले जात आहे? त्यांनी 'चौतीस' लिहिलं. या काळात एकूण किती व्यक्ती राहून गेल्या? याला उत्तर नक्की येत नव्हतं म्हणून त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

नवऱ्याने आणि त्यांनी हे घर घेतलं तेव्हा छतातून पाणी गळत होतं आणि खालच्या खोलीत कोणीतरी सायकली ठेवत असे. नवरा रंगारी होता. दिवसभर लोकांच्या भिंती पांढऱ्या करून यायचा, त्यामुळे स्वतःच्या घरात त्याला पांढरं चालत नसे. उरलेल्या डब्यांतून त्याने एकेक दार रंगवलं. खालचं हिरवं, नर्सच्या आताच्या खोलीचं तांबूस, मावशींच्या खोलीचं गडद निळं. मामांच्या दाराला पिवळा रंग पुरला नाही, म्हणून खालचा हातभर भाग करडा राहिला होता. "पायमोजा घातलाय त्याने," असं तो म्हणायचा.

त्या दारांमागे माणसं येत गेली, जात गेली. पहिला भाडेकरू एक कंडक्टर होता. तो शिट्टीवर गाणी वाजवायचा, आणि स्वयंपाकघरात गाणं ऐकू आलं की पाच मिनिटांत तो दारात यायचाच, कारण घरी येताना रस्ताभर वाजवत यायचा आणि वारा तिकडून असायचा. दोन विद्यार्थी भाऊ होते, त्यांच्यात मिळून एक कोट. एकाची परीक्षा असली की दुसरा दिवसभर घरात. एक बाई होती, मोठी अबोल. तिने रोज दुपारी टाइपरायटरवर शिकून शिकून वर्षभरात नोकरी मिळवली, आणि गेल्यावर घर इतकं शांत वाटायला लागलं की नवरा म्हणाला, "एखादं मशीन आपणच आणू या का, बडवायला?" एकजण तीन दिवसच राहिला. एकीचं लग्न याच स्वयंपाकघरातून ठरलं. एक म्हातारे मास्तर इथेच गेले, दुपारच्या झोपेत, आणि त्यांच्या मुलीने येऊन त्यांचा चहाचा कप तेवढा मागून नेला.

चाळीस झाले. एकेचाळिसावे मामा. नवरा जायच्या आधी त्याने ठेवून घेतलेला हा शेवटचा भाडेकरू. "माणूस कमी बोलतो आणि घड्याळं चालू करतो," तो म्हणाला होता. "आपल्याकडचं एकही घड्याळ बरोबर नाही." याला एकोणीस वर्षं झाली.

मामांनंतर आलेलेही मिळवून मावशींनी आकडा लिहिला. शाई वाळेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

•

पिवळं दार उघडंच होतं. मामा कपाटातून सदरे काढून बॅगेत ठेवत होते. एकेक सदरा आधी पलंगावर पसरून, बाह्या मागे दुमडून, इतक्या सावकाशीने की काम कधी संपूच नये असं वाटावं.

"कुठे निघालात?"

"पुतण्याकडे." त्यांनी वर बघितलं नाही. "पत्र वाचलं मी. स्वयंपाकघरातच होतं टेबलावर. तुम्हाला अडचणीत ठेवायचं नाही मला, बाई. पुतण्याला फोन केला, तर म्हणाला, विचारताय काय काका, घरचेच तर आहात."

मावशी दाराच्या चौकटीला टेकल्या. "झोपायला कुठे देणार?"

"बाहेरच्या खोलीत. घडीची खाट आहे त्यांच्याकडे."

"आणि सकाळी?"

"सकाळी घडी करायची. मुलं असतात, येणारंजाणारं असतं."

"खाटेची घडी झाल्यावर तुम्ही कुठे बसणार?"

मामांनी सदऱ्याचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मला नातेवाईक म्हणायला हवं होतं असं काही नाही. नातं नाही ते नाही. पण एकोणीस वर्षं... त्या पोरीसमोर तुम्ही मला असं काही म्हणालात, की जणू मी कालच आलोय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेवढं लागलं. बाकी काही नाही."

जिन्यात कोणी नाही हे बघून मावशी खोलीत आल्या आणि बॅग बाजूला सारून पलंगाच्या कडेवर बसल्या. एकोणीस वर्षांत त्या या खोलीत बसल्या नव्हत्या.

"आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "वडील बोटीवर. मला आत्याकडे पाठवलं. आत्या वाईट नव्हती हं. कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. जिन्याखाली एक जागा होती, झाडू, बादल्या, जुने कोट ठेवायची. तिथे माझी गादी. खिडकी नाही. कोणी विचारलं की आत्या म्हणायची, 'घरचीच आहे हो, तिला काय होतंय?' दाराला कडी नव्हती. कारण काय, तर झाडू कधीही लागायचा. मी कपडे बदलत असले तरी झाडू लागायचा. सात वर्षं, मामा. तक्रार कुणाकडे करणार? घरचीच होते ना मी."

मामांनी हातातला सदरा खाली ठेवला.

"एकोणिसाव्या वर्षी मी लाँड्रीत कामाला लागले आणि खोली घेतली. नदीपलीकडे. आता ते घरही नाही, तिथे गाड्या उभ्या करतात. मालकीण म्हणजे नुसता दगड. कधी हसली नाही, कधी चहा विचारला नाही. पण पहिल्या दिवशी मला म्हणाली, 'ही तुमची खोली. ही तुमची किल्ली. खिडकी नीट लागत नाही तुमची, उद्या माणूस येईल.'" मावशी हसल्या. "तुमची! तोवर मला कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, अजून कोणी आलंय का म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी माणूस खरंच आला की. माझ्या खिडकीसाठी. तो गेल्यावर मी दार आतून लावलं आणि नुसती उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे."

खाली छापखान्याची यंत्रं सुरू झाली आणि खिडकीची काच बारीक थरथरू लागली.

"त्या पोरीने विचारलं ना, हे कोण, तेव्हा मला ती जिन्याखालची गादी दिसली. तुम्हाला मी भाऊ म्हटलं असतं, दीर म्हटलं असतं, माझं काय गेलं असतं? पण मग या खोलीला कोणी माप लावायला येणार नाही. आज नाही, पुढेही कधी नाही. मी काही अमरपट्टा घेऊन आलेले नाही. माझ्यामागे घर भाच्याकडे जाईल. तो चांगला आहे. माझी आत्याही चांगलीच होती. त्याने तुम्हाला उद्या कुठे कोपऱ्यात झोपवलं, तर विचारायला कोण येणार? घरचेच तर आहात."

मामांनी खाली ठेवलेला सदरा पुन्हा उचलला.

"हे खाली का नाही सांगितलंत सगळ्यांना?"

"नर्सने बटाट्याऐवजी मला सोललं असतं. सांगेन कधीतरी."

"पण खोली तर जाणारच ना, बाई. नियम म्हणजे नियम. माप काही वाढणार नाही."

"नाही वाढणार. तुम्ही माझ्या खोलीत या."

"काय?"

"सोळा मीटर आहे. मोजली तिने. मी इथे येते. मालकाने कुठे झोपावं याला नियम नाही. तीनदा वाचला मी कागद."

"मुळीच नाही," मामा म्हणाले. ते खरोखर चिडले होते. "तुमच्या यजमानांची खोली ती. तुम्ही या वयात हा वरचा जिना चढणार आणि मी तिथे ऐसपैस लोळणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीला चळ लागलाय. ते तसंही म्हणतात." त्या उठल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर वाकल्या. "भाडं आहे तेच राहील. आणि तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या बाईला वय काढून दाखवू नका. तुम्ही चौऱ्याहत्तरचे आहात."

दारात त्या वळल्या.

"सदरे चांगले दुमडता. बॅग भरून ठेवा तशीच. एक मजला तर उतरायचाय."

•

सुतार आले आणि घरभर भुसा झाला. पहिल्या दिवशी खालचं हिरवं दार निघालं. बिजागऱ्या सोडवताना कडेचा रंग उडाला आणि आतले थर दिसले. हिरव्याखाली तपकिरी, त्याखाली पुन्हा वेगळं हिरवं, अगदी खाली कुठलातरी गुलाबी, जो मावशींनीही कधी बघितला नव्हता. त्यांनी त्या गुलाबीवर नख फिरवलं. इथे आधी कोण राहत होतं, कोण जाणे.

"ठेवू की टाकू?" सुताराने विचारलं.

ठेवायचं म्हटलं तर कुठे ठेवणार? पाच दारं, माणसाहून उंच. "बाहेर भिंतीला लावून ठेवा," त्या म्हणाल्या.

नवी दारं पांढरी होती, जड होती, आणि हात सोडला की एक सुस्कारा टाकून आपली आपण मिटत. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरचा खांदा दोनदा दारावर आपटला. बेकरीत कामाला असलेली वरची मुलगी पहाटेची पाळी संपवून सकाळी झोपायची. ती म्हणाली, "मावशी, जिन्यातला आवाजच येत नाही आता. मी काल पहिल्यांदा पाच तास सलग झोपले." मावशींनी मान डोलावली. आपल्या घरात चार वर्षं ही पोर अर्धवट झोपत होती आणि हे आपल्याला माहीत नव्हतं, हे त्यांना त्या पांढऱ्या दाराहून जास्त बोचलं.

जुनी दारं रस्त्याकडेला तीन दिवस उभी होती. दुसऱ्या दिवशी हिरवं गेलं. मग तांबूस आणि निळं एकदमच गेली. एका जोडप्याने वाकून, हसत, थांबत थांबत नेली. पिवळं दार न्यायला एक बाई हातगाडी घेऊन आली. खालच्या करड्या पट्टीवरून हात फिरवत तिने वर बघून विचारलं, "हे असं मुद्दाम केलंय का?"

"हो," मावशी खिडकीतून म्हणाल्या. "मुद्दामच."

हातगाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या बघत राहिल्या. शेवटचं दार, बेकरीवालीचं जांभळं, कधी गेलं ते त्यांना कळलंच नाही.

खोल्या बदलायला रविवारची एक दुपार पुरली. नर्स आणि ड्रायव्हर जिन्यावर उभे राहून सामान हातोहात देत होते. मावशींनी आदल्या दिवशी दोघांना सगळं सांगितलं होतं. ऐकून झाल्यावर नर्स उठली होती आणि काही न बोलता सगळ्यांची भांडी घासायला लागली होती. त्या दुपारी मात्र ती अखंड बडबडत होती. "मामा, सोळा मीटर! आता तुम्हाला घरात हरवायची सोय झाली." मामा लाल झाले होते. त्यांचं सगळं सामान मोठ्या खोलीत लागलं तरी खोली रिकामीच वाटत होती. मग मावशींनी खिडकीजवळच्या दोन्ही खुर्च्या तिथेच सोडल्या. वर न्यायच्या म्हटल्या तरी मावल्या नसत्या.

सहा आठवडे पुरे व्हायच्या दोन दिवस आधी तपासनीस बाई पुन्हा आली. तिने गजराचं बटण दाबलं तेव्हा सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. तिने प्रत्येक दार उघडून सोडलं आणि ते मिटेपर्यंत शांतपणे उभी राहिली. शेवटी वरच्या मागच्या खोलीपाशी येऊन ती थबकली. आत पलंग होता, पलंगावर चादर होती.

"इथे कोणी झोपतं?"

"मी."

"ही खोली झोपायला..."

"भाड्याने देता येत नाही. मी मलाच कुठे भाडं देतेय?"

तपासनीस बाईने कागद चाळले. मग कागद मिटले. "बरोबर आहे," ती म्हणाली. "याला काही कलम नाही." जिना उतरताना ती एका पायरीवर थांबली. "त्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्ही 'हो' म्हणाल. बरेचजण म्हणतात. एका घरात मला अकरा सख्खे चुलतभाऊ भेटले, अकरा जणांच्या अकरा भाषा."

"मग?"

"मग काय, लिहिते. ते सांगतील ते लिहायचं असतं." तिने नव्या कठड्यावर हात ठेवून तो हलतो का ते बघितलं. "पण काही घरांतून निघाल्यावर बराच वेळ तीच घरं डोक्यात राहतात. बरं, पंधरा दिवसांत परवाना येईल, मावशी."

शब्द तोंडून गेल्यावर तिचे कान लाल झाले.

"झालं!" खालून ड्रायव्हर म्हणाला. "आता यांनाही रकान्यात घ्या."

•

परवाना आला. नियमाप्रमाणे तो दर्शनी भागात लावायचा होता, म्हणून मावशींनी तो जिन्यापाशी लावला. खाली सही कुणाची आहे ते कोणालाच वाचता आलं नाही.

नव्या खोलीची त्यांना आठवड्याभरात सवय झाली. रात्री पाय लांब केला की तो भिंतीला लागे आणि त्यांना ते आवडायला लागलं. छापखान्याच्या छपरांवर कबुतरं कधी बसतात, कधी उडतात, हेही पाठ झालं. सवय होत नव्हती ती पायांना. जिना चढताना पहिल्या मजल्यावर पाय आपोआप डावीकडे वळायचे आणि दोनदा तर हात दाराच्या मुठीपर्यंत गेला होता.

त्या गुरुवारी दुपारी त्यांच्या हातात धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, हनुवटीपर्यंत आलेला. पुढचं नीट दिसत नव्हतं. चढता चढता त्या सुट्टीवर असलेल्या नर्सशी बोलत होत्या, म्हणजे ओरडत होत्या, की चादरी वाळल्यात आणि तुझी मी वर नेऊन ठेवते, तू बस. बोलता बोलता त्यांनी कोपराने मूठ दाबली, खांद्याने दार ढकललं आणि आत गेल्या.

खिडकीजवळच्या दोन्ही खुर्च्यांवर माणसं बसली होती. एकीवर मामा. दुसरीवर एक म्हातारे गृहस्थ, टोपी गुडघ्यावर ठेवलेली. दोघांच्या मध्ये स्टुलावर एक उघडं घड्याळ होतं आणि दोघंही कशावर तरी असे हसत होते की दुसऱ्या गृहस्थांनी डोळ्याला रुमाल लावला होता. मामांना असं दात दाखवून हसताना मावशींनी कधी बघितलं नव्हतं. पुढचा एक दात नव्हता त्यांना.

हसणं थांबलं. दोघांनी दाराकडे बघितलं.

मामा उठले. आधी त्यांचा चेहरा गोंधळला, सवयीने ते पुढे येऊन कपडे हातातून घेणार असं वाटलं. पण ते खुर्चीपाशीच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "जरा नंतर याल का? माझ्याकडे पाहुणे आलेत."

"हो, हो," मावशी म्हणाल्या. "चुकलंच माझं."

त्या मागे सरकल्या. दार सुस्कारा टाकत, सावकाश, त्यांच्यासमोर मिटलं. कपड्यांचा ढीग छातीशी धरून त्या तिथेच थांबल्या. चौतीस वर्षांत या दारातून त्यांना कोणी 'नंतर या' म्हणालं नव्हतं. आत काय चाललंय ते आता ऐकू येत नव्हतं. दार चांगलं होतं. फक्त थोड्या वेळाने फरशीवर खुर्ची ओढल्यासारखा बारीक कंप पायांना जाणवला.

स्वयंपाकघरात नर्स अंडी उकडत होती. "वर नेणार होतात ना कपडे?"

"नेते मग." मावशींनी ढीग टेबलावर ठेवला. "मामांकडे पाहुणे आलेत."

"मामांकडे?" नर्सने चमचा तसाच हवेत धरला. "कोण? पुतण्या?"

"नाही. दुकानाच्या वेळचे कोणी मित्र असावेत. मी विचारलं नाही."

"अगं बाई." नर्सने घाईघाईने कपाट उघडलं. "मग चहा टाकते. दोन कप ना? की तुम्ही पण..."

"नको," मावशी म्हणाल्या. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि वरची पहिली चादर घडी करायला घेतली. "त्यांचे पाहुणे आहेत. चहा करायचा असेल तर ते येतील खाली."